हळू म्हणजे ये ये

माझ्या सासूबाईंना मी चिखलात घातलं हे खरं आहे. पण मुद्दाम घातलं, ही माझ्या नवऱ्याने उठवलेली अफवा आहे.

झालं असं. २००६ साली सासूबाई, म्हणजे आमच्या आई, नागपूरहून अमेरिकेत आमच्याकडे पार्सिपनीला सहा महिन्यांसाठी आल्या. नागपुरात त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. तीस वर्षं त्या स्वतःच्या मोपेडवरून शाळेत गेल्या. भाजी मोपेडवरून आणली, सासऱ्यांना दवाखान्यात मोपेडवरून नेलं आणि मकरंदला (हाच तो अफवा उठवणारा) दहावीच्या परीक्षेला मोपेडच्या मागे बसवून सोडलं. अशा बाईला आम्ही आणून तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये ठेवलं. तिथला फुटपाथ आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी संपतो. पुढे कुठेही जायचं तर गाडी हवी आणि ती चालवणारं कोणीतरी हवं. कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा आईंना शनिवारची वाट बघावी लागायची.

त्या सहा महिन्यांत मी आईंना अमेरिका शिकवत होते. मला इथे येऊन चांगली आठ वर्षं झाली होती, तेव्हा माझा अधिकार मोठा! त्यांनी रस्ता ओलांडताना हात दाखवून गाड्या थांबवल्या, लिफ्टमध्ये अनोळखी बाईला "किती मुलं तुम्हाला?" विचारलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला "हड" म्हटलं, की माझं ठरलेलं वाक्य यायचं, "आई, इथली पद्धत वेगळी असते." दिवसातून निदान चार वेळा. आई "बरं" म्हणायच्या आणि विषय संपायचा.

ऑक्टोबर आला. परतीच्या तिकिटाला दोन आठवडे उरले. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, न्यूयॉर्क दोनदा झालं. एका संध्याकाळी पोळ्या करताना मी विचारलं की आई, आता बघायचं काय राहिलं? त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"बघायचं काही नाही राहिलं गं. पण जायच्या आधी एकदा काहीतरी स्वतःच्या हाताने चालवायचं आहे. सहा महिने झाले, मी नुसती मागच्या सीटवर बसून राहिली."

मी खूप हळव्या मनाची आहे. त्याच वेळी मी सॉफ्टवेअर टेस्टरही आहे, त्यामुळे खोटी माहिती भरून सगळं खरं असल्यासारखं चालवून बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्याच रात्री नेटवर मला तोडगा सापडला. पोकोनोच्या डोंगरात एटीव्हीची सफर! एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची मोटरसायकल. पुढे गाइड, मागे आपण, दोन तास जंगलातून भटकंती. माझी योजना साधी होती. मी चालवणार, आई मागे बसणार. तोंडावर वारा आला म्हणजे चालवल्यासारखंच झालं की!

शनिवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो. आईंचा अमेरिकन पोशाख म्हणजे पंजाबी ड्रेस, पांढरे शुभ्र बूट आणि वर मकरंदचं जुनं जॅकेट. काउंटरवर मी सगळ्यांचे फॉर्म भरले. माझ्या नावापुढे 'ड्रायव्हर', मकरंदच्या नावापुढे 'ड्रायव्हर', आमच्या आठ वर्षांच्या इराच्या नावापुढे 'पॅसेंजर', आणि आईंच्या नावापुढेही 'पॅसेंजर'. आईंनी पर्समधून चष्मा काढला. त्यांना अमेरिकन माणसांचं बोलणं कळत नसे, पण छापील इंग्रजी त्या पेपर तपासल्यासारख्या वाचत.

"पॅसेंजर?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना त्यांचा गुडघा समजावला, मग इन्शुरन्स समजावला आणि शेवटी सांगितलं की इथली पद्धत वेगळी असते. आई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा घडी घालून ठेवला. हे "बरं" नेहमीचं नव्हतं. मला ते कळलं होतं, तरी मी रांगेत पुढे सरकले.

आमच्या गाइडचं नाव डग. उंची दारात न मावणारी, दाढी छातीपर्यंत, आवाज मात्र अंगाई म्हणावी इतका मऊ. त्याने सगळ्यांना हेल्मेटं दिली आणि इथेच पहिली माशी शिंकली. आईंच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना! एक नंबर मोठं आणलं, तर ते पुढून नाकापर्यंत आलं आणि मागून अंबाड्यावर तरंगत राहिलं. शेवटी मी त्यांचा अंबाडा सोडून तिथेच वेणी घालायला घेतली. तेवढ्यात डगने सूचना सुरू केल्या. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून त्याने हाताच्या खुणा करून दाखवल्या. त्यातली पहिली मी पाहिली. मूठ वर म्हणजे थांबा. बाकीच्या झाल्या तेव्हा माझ्या तोंडात दोन आकडे होते. (मकरंद हँडीकॅमवर शूटिंग करत होता. त्या कॅसेटमध्ये डग अगदी स्वच्छ समजावून सांगतोय आणि मागून माझा अगदी स्वच्छ आवाज येतोय, "आई, तिसरा आकडा कुठे गेला?")

सगळ्यांना समजलं का, असं डगने विचारलं. मी मान डोलावली.

निघालो. पुढे डग, त्याच्यामागे मी आणि माझ्या पाठीशी आई, शेवटी मकरंद आणि इरा. या गाडीचा ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. मला ते सोपं वाटलं आणि पाच मिनिटांत मी कॉलेजात असल्यासारखी रस्त्याला लागले. मग पहिला उतार आला. डगने डावा हात बाजूला लांब केला, तळवा जमिनीकडे केला आणि वरखाली हलवला.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे तळवा खाली करून हात हलवला म्हणजे काय? लग्नात पंगतीला जागा धरून बसलेल्या मावशी लांबून काय करतात? ये, ये, लवकर ये! मला डगचं कौतुक वाटलं. मी मागे पडू नये म्हणून केवढी काळजी! मी अंगठा दाबला.

आमची गाडी त्याच्या गाडीच्या अगदी शेपटाला जाऊन भिडली. डगने मागे वळून पाहिलं आणि हात आणखी जोरात हलवला. बिचारा फारच आग्रह करत होता. मी आणखी अंगठा दाबला. त्यावर डगने आपली गाडी झुडपात घातली म्हणून तिघंही वाचलो.

सगळे थांबले. डग चालत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि मऊ आवाजात म्हणाला की मॅम, मी असं करेन ना, तेव्हा... आणि त्याने पुन्हा तळवा खाली करून हात हलवला.

"यस, यस! आय विल कम!" मी म्हणाले.

"प्लीज डोंट," डग म्हणाला. मला वाटलं, पाहुण्यांना त्रास नको म्हणून संकोचतोय. मी त्याला सांगितलं की अजिबात त्रास नाही, माय प्लेझर.

पुन्हा निघताना आईंनी मागून माझ्या हेल्मेटवर टकटक केलं. "अनघा, तो हळू म्हणून राहिला. तीस वर्षं मी वर्गात हेच केलं. तळवा खाली म्हणजे शांत, हळू."

"आई," मी म्हणाले, "इथली पद्धत वेगळी असते."

ह्या वेळी "बरं" आलं नाही. आईंनी फक्त मागचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

दहा मिनिटांनी एका वळणापलीकडे वाटेत मोठं डबकं लागलं. डग कडेकडेने पलीकडे गेला, उतरला, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने हात हलवायला सुरुवात केली. दोन्ही हात! मला माहेरीसुद्धा इतक्या आग्रहाने कोणी बोलावलेलं नाही. मी सरळ मध्यातून निघाले. मधोमध गेल्यावर गाडी खाली खाली जायला लागली, मी घाबरून हँडल गच्च आवळलं आणि त्यात अंगठाही गच्च आवळला गेला. गाडीने एक हिसका दिला, डाव्या अंगाला कलली आणि थांबली. मी उडून पुढच्या चिखलात पडले, ती अंगठ्यावरच. आई मात्र पडल्या नाहीत. त्या बसल्या जागेवरून सावकाश घसरत कमरेपर्यंत चिखलात जाऊन बसल्या.

दोन आठवड्यांनी विमानात बसवायची म्हातारी बाई मी माझ्या हट्टापायी कुठे आणून पाडली! मी चिखलातून रांगतच त्यांच्यापाशी गेले आणि गुडघा कसा आहे, एवढंच विचारत राहिले. हेल्मेटमधून दोन शांत डोळे माझ्याकडे बघत होते.

"गुडघा ठीक आहे," आई म्हणाल्या. "तळवा खाली म्हणजे हळू."

मागून इराचा आवाज आला. "मॉम, ही टोल्ड यू. इन द बिगिनिंग!" मकरंदच्या हेल्मेटमधून नुसता खुसखुस आवाज येत होता.

डगने दोर लावून गाडी बाहेर ओढली. ती चालू झाली, पण माझा अंगठा सुजून टम्म झाला होता. तुम्हाला आता चालवता येणार नाही, असं डगने सांगितलं. (त्याच्या आवाजात मला दुःख काही जाणवलं नाही.) खालून जीप मागवायची तर तास लागणार होता आणि सफर तिथेच संपणार होती. तो विचारात पडला. तेवढ्यात चिखलाने भरलेला एक हात वर्गात करतात तसा वर झाला.

"आय विल ड्राइव्ह," आई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. गुडघा, इन्शुरन्स, पद्धत, सगळं जिभेवर आलं होतं. मग मी आईंकडे पाहिलं. पंजाबी ड्रेस चिखलाने जड झालेला, वेणी सुटलेली, आणि चेहरा असा, की सहा महिन्यांत मी तो एकदाही पाहिला नव्हता. मी तोंड मिटलं.

डगने अनुभव विचारला, मी तो प्रश्न मराठीत सांगितला. "थर्टी इयर्स. टू व्हील्स. नागपूर ट्रॅफिक," आई म्हणाल्या. डगने नागपूर पाहिलेलं नसावं, पण त्याने आतापर्यंतचं माझं ड्रायव्हिंग पाहिलं होतं. त्याने आईंना मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला लावल्या, तळवा खाली करून हात हलवला, आणि आई अलगद हळू झाल्या. त्याने मूठ वर केली, आई थांबल्या. डगने रेडिओवर ऑफिसला कळवलं की ड्रायव्हर बदलतोय. मग तो माझ्याकडे वळला आणि नम्रपणे मागच्या सीटकडे बोट दाखवलं.

पुढचा अर्धा तास आईंनी गाडी चालवली. वळणावर हात काढून दाखवला, खड्डा आला की मान वळवून मला आधी सांगितलं, चढावर पुढे झुकल्या. मी दांडा धरून बसले होते. मागच्या सीटवरून फक्त पुढच्याची पाठ दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. झाडं दिसतात, पण ती गेल्यावर. आईंनी सहा महिने आमच्या गाडीत मागे बसून माझं हेडरेस्ट पाहिलं होतं आणि घरी आल्यावर "छान होतं हो" म्हटलं होतं. मला फार लाज वाटली.

डोंगराच्या कडेला एका मोकळ्या जागी डगने थांबवलं. खाली दरी लाल-पिवळी झाली होती. आईंनी हेल्मेट काढलं आणि ही डोंगरांची रांग कुठून कुठे जाते, ते इराला सांगायला घेतलं. इरा चक्क ऐकत होती. मी जवळ जाऊन म्हणाले की आई, माझं चुकलं. चिखलाचं तर चुकलंच, पण त्या फॉर्मचं जास्त चुकलं.

आईंनी माझा सुजलेला अंगठा हातात घेऊन पाहिला. "तू आणलंस म्हणून तर चालवलं नं," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर हळद लाव."

एवढंच. दुसरी कोणी असती तर तिने त्या चिखलावरून जन्मभर ऐकवलं असतं. ह्या बाईंनी मला हळद लावायला सांगितली. मी आजही त्यांची ऋणी आहे, आणि थोडीफार डगचीही.

ऑफिसात परत आल्यावर डगने सर्टिफिकेटं वाटली. ती फक्त ड्रायव्हरांना. एक मकरंदला आणि एक आईंना, त्यांच्या पूर्ण नावाचं. पॅसेंजर मुलांसाठी अस्वलाचं स्टिकर होतं. डगने एक इराच्या जॅकेटवर लावलं आणि दुसरं, जराही न हसता, माझ्या.

ते सर्टिफिकेट आता नागपूरच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलं आहे. आई परत गेल्यावर महिन्याभरातच आम्ही फोनवर बोलत होतो, तेव्हा तिकडे कोणीतरी काकू आल्या होत्या. सुनेने बरी अमेरिका दाखवली तुम्हाला, असं त्या आईंना म्हणाल्या. आईंनी रिसीव्हरवर हात ठेवला, पण नीट ठेवला नसावा.

"छे हो, मीच तिला फिरवून आणलं," आई म्हणाल्या. "तिला तिथलं अजून काही समजत नाही. आठच वर्षं झाली नं!"