मासिमांच्या आईचं पातळ

मंगळवारी बेहाल्याला मासिमांकडे त्यांची गोधडी पोचवायला गेले होते. गोधडी छान झाली होती... तरीही परतीच्या बसमध्ये मला कुणाशी एक शब्द बोलावासा वाटेना.

मासिमा माझ्या गोधडीच्या वर्गातल्या सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थिनी. वयाने माझ्या आईसारख्या, पण मला 'दीदीमणी' म्हणतात, म्हणजे शाळेतल्या बाई. "आज किती रागावणार, दीदीमणी?" असं विचारतच दारातून आत येतात.

नवीन मैत्रिणींसाठी सांगते... ह्यांच्या बदल्यांमुळे आम्ही रायपूर, रांची आणि आता कोलकाता असे फिरत आलो. मी मॅट्रिक झालेली बाई, हातात कला म्हणाल तर एक गोधडी. जिथे गेले तिथे शेजारणींना शिकवली आणि वाटेत कुणाच्या गच्चीवर, कुंपणावर गोधडी वाळताना दिसली की मोबाईलवर फोटो काढत गेले.

हे म्हणतात, "लोक डोंगरांचे, नद्यांचे फोटो काढतात. आमच्याकडे लोकांच्या अंथरुणांचे!"

तर थंडीच्या आधी मासिमा जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. त्यात एक पांढरं, लाल काठांचं सुती पातळ होतं, इतकं विरलेलं की पलीकडची बोटं दिसावीत. "हे माझ्या माचं," म्हणाल्या, म्हणजे आईचं. गाठोड्यात सगळ्यात वर तेच ठेवलं होतं त्यांनी... ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तेवढ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी म्हटलं, "तुम्ही डोळे सांभाळा. थर मी लावते, टाकेही मीच घालते."

आपल्याकडे रीत अशी की विरलेलं मऊ कापड गोधडीच्या पोटात जातं आणि धडधाकट, रंगीत ते वर. वरचं झिजतं, धुताना आपटलं जातं... पोटातलं टिकतं, आणि ऊबही त्याचीच. मला आईने असंच शिकवलं आणि मीही सगळ्यांना असंच शिकवत आले.

खरं सांगू? ते पातळ मधोमध पसरताना मला वाटलं, मी त्याला गाभाऱ्यात बसवतेय. टाक्याटाक्याला रामनाम घेत गोधडी पुरी केली. नव्या कापडाला एक पैसा लागू दिला नाही, त्याचंही मनातून समाधान होतं.

मासिमांनी गोधडी पलंगावर पसरली. "की शुंदोर!" म्हणत तिच्यावरून हात फिरवला. मग उलटी केली. मग पुन्हा सुलटी... मला वाटलं, टाके बघताहेत.

"मा कोथाय?" त्यांनी विचारलं. मा कुठे आहे?

"आत आहे ना, मासिमा. अगदी मधोमध."

"आत?" म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

मग मला उमगलं. इकडच्या कांथात, म्हणजे बंगाली गोधडीत, आईचं जुनं पांढरं पातळच वर येतं, त्याच्यावरच टाके घालतात. इथे आल्यापासून मी कितीतरी कांथांचे फोटो काढलेत... जवळून, लांबून, उन्हात, सावलीत. प्रत्येकात पांढरं कापड वर होतं. मी टाके बघितले, कापड कुणाचं असेल हे एकदाही मनात आलं नाही.

"उसवू का?" म्हटलं आणि पिशवीतून कात्री काढली. एका कोपऱ्याचे टाके काढले, बोटभर लाल काठ दिसला. जरासा ओढला तर सूतच सुटायला लागलं... मासिमांनी माझं मनगट धरलं. "थाक, थाक." राहू दे.

मग एकदम आशेने म्हणाल्या, "फोटो असेल ना? तू तर सगळ्याचे काढतेस!"

दोघी शेजारी बसून मोबाईल बघत राहिलो. रांचीच्या गच्च्या निघाल्या, रायपूरची कुंपणं निघाली, खुद्द त्यांची तयार गोधडी चारही बाजूंनी निघाली. पातळाचा एकही फोटो नाही. मोबाईल सारखा भरतो, म्हणून मी फोटोही बेताने काढते... आणि रंग उडालेल्या कापडाचा कशाला काढायचा, असंच वाटलं असणार मला.

मासिमांनी चष्मा काढून पुसला. "मा जन्मभर आतच होती गं, दीदीमणी. आतली खोली, आतलं स्वयंपाकघर... कुणी आलं की दाराआड. म्हटलं होतं, आता तरी वर येईल."

आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी कोपरा पुन्हा शिवायला सुई ओवली, तर म्हणाल्या, "तो बंद करू नकोस." मग उघड्या कापडाच्या कडा दुमडून बारीक टाके घातले, म्हणजे आणखी उसवणार नाही. बोटभर खिडकी राहिली. निघताना त्यांनी बळेच हातात संदेश मिठाईचा डबा दिला. "दीदीमणीला रिकाम्या हाती पाठवू होय?"

दारात चपला घालता घालता मी त्यांच्या आईचं नाव विचारलं. पूर्ण थंडीभर ते पातळ माझ्या मांडीवर होतं, आणि नाव विचारायला मला दार गाठावं लागलं...

आता कुणी कापड आणून दिलं की सुई हातात घेण्याआधी विचारते, हे कुठे हवंय? पण मासिमांच्या गोधडीला त्याचा काही उपयोग नाही. त्या मला अजून दीदीमणी म्हणतात, हे त्यांचं मोठेपण.

सोबत एकच फोटो टाकलाय. गोधडी त्यात धड दिसत नाही, माहीत आहे मला. कोपऱ्यात तो बोटभर लाल काठ दिसतोय ना... त्या शेफालीबाई.