रजिस्टरात कंबर नव्हती

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सरकारच्या कुष्ठरोग तपासणीत नोकरीला होते. आमच्या गिरण्यांच्या शहरातल्या शुक्रवार पेठेतल्या खोलीतून सकाळी निघायचं, एसटीनं कुंभारीच्या बाजूला उतरायचं आणि घरोघर बायकांची अंगं तपासायची. पिशवीत कोंबडीचं पीस, टाचणी आणि रजिस्टर. फिकट चट्टा दिसला की बाईला डोळे मिटायला सांगून त्यावर पीस फिरवायचं. कळलं नाही तर टाचणी. टाचणीही कळली नाही, तर तिचं नाव लाल शाईनं लिहायचं.

एका वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या घरात पन्नाशीची एक बाई होती. मी तिला मावशी म्हणायची. पाठ, दंड बघून झाल्यावर तिनं सुनेला बाहेर पाठवलं आणि लुगडं कमरेवरून थोडं खाली सरकवलं. जन्मभर घट्ट नेसून कमरेभोवती काळा, जाड पट्टा पडला होता. त्यात उजव्या अंगाला चार आण्याएवढी जखम. कडा उचललेल्या.

"वरीस झालं की. हळद लावली, चुना लावला, सुकतच न्हाय," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "ह्योच त्यो रोग हाय का, बाई?"

मी टाचणी लावली. ती कळवळली. मला हायसं वाटलं.

"नाही मावशी. तो रोग नाही."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या रोगाच्या माणसाला तेव्हा गोठ्याशेजारी वेगळं झोपवत. तिनं मला बळेच बसवून ताक पाजलं. ही जखम एकदा दवाखान्यात दाखवा, असं मी म्हणाले खरी, पण चप्पल घालता घालता म्हणाले. रजिस्टरात तिच्या नावापुढं 'निरोगी' लिहिलं. रोगी आणि निरोगी, दोनच शब्द होते आमच्याकडं.

वर्षानं त्या वस्तीची फेरी पुन्हा आली. मावशी बाजेवर पडून होती. वास दारातच आला. जखम फुलकोबीसारखी वर आली होती, जांघेत घट्ट गाठ.

"तुमी म्हणला व्हता रोग न्हाय," ती म्हणाली, "मग मी कुटं ग्येलेच न्हाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती मला फक्त झालेलं सांगत होती.

तिच्या नवऱ्याला घेऊन मी तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं. तरुण सर्जननं बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. "कातडीचा कॅन्सर आहे. लुगडं काचून काचून होतो असा. गेल्या वर्षी आणलं असतंत तर तासाभरात कापून काढला असता. आता मुंबई."

मुंबईला ती गेली नाही. "तितं मरण्यापरीस हितं बरं," म्हणाली. चार महिन्यांनी घरीच वारली.

मी आमच्या खात्याच्या साहेबांकडं गेले. "साहेब, आपण अंग बघतोच की. कंबरही बघू. एक रकाना वाढवा."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं. "वर्षात किती सापडतील, बाई?"

"एखाद-दोन."

"एखाद-दोघींसाठी प्रत्येकीला लुगडं सोडायला लावायचं. रोजची ठरलेली घरं निम्मी होतील. तेवढ्यात कुष्ठाच्या ज्या सुटतील, त्यांचं काय? जखमेचा तुकडा तपासायला पुण्याला कोण पाठवणार? त्या पैशात किती पोरांना लस टोचता येईल?"

त्यांचं गणित मला खोडता आलं नाही. आजही येत नाही. त्या दिवशी मी स्टेशनापर्यंत विनाकारण चालत गेले आणि बाकावर बसून राहिले.

मग मी कुणाला न सांगता कंबर बघू लागले. सहा महिन्यांत एक सापडली. तिची जखम वेळेत कापली गेली, ती बरी झाली. पण माझी घरं कमी पडत गेली. एक मेमो आला, मग दुसरा. नवऱ्याची गिरणी तेव्हा बंद होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी बघणं सोडलं. साहेबांनी सोडायला लावलं, असं सांगायला बरं वाटलं असतं. मीच सोडलं.

पुढच्या फेरीला मावशीच्या सुनेनं स्वतःहून दार लोटून घेतलं. "आत्तीचं बगितलंय मी. माजी बी कंबर बगा की."

पंचविशीतली पोर. काळा पट्टा पडायला लागला होता. जखम नव्हती.

"सैल नेसत जा," मी म्हणाले. "रोज गाठ वेगळ्या जागी बांध."

ती हसली. "सैल नेसून मेंढरामागं पळू कशी, बाई?"

बाहेर तिचं लेकरू रडत होतं. ती लुगडं आवळत उठली, पहिल्यासारखंच घट्ट. मी पिशवी उचलली. अजून अकरा घरं व्हायची होती.