बोअरच्या तोंडावरचा दगड

मुखेडजवळच्या आमच्या शेतातून मोटारीची केबल चोरीला गेली, तेव्हा मी लातूरला शाळेत शिकवत होते. आईचा फोन आला आणि मी चिडलेच. केबल काय, सगळ्यांचीच जाते. त्यासाठी शाळा सोडून येऊ का? "ये," एवढंच ती म्हणाली.

शेतात गेले तर आबा, म्हणजे माझे वडील, जुन्या कोरड्या बोअरपाशी बसलेले. चोरानं केबल तर कापलीच होती, वर बोअरचं लोखंडी झाकणही भंगारात घालायला नेलं होतं. पण जाताना त्या उघड्या तोंडावर धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, मोठा दगड आणून ठेवला होता.

"आपल्याच घरचा हाय," आबा म्हणाले.

लहानपणी आम्हा बहीण-भावाला आबांनी मारलं ते एकाच गोष्टीसाठी, बोअरचं तोंड उघडं टाकलं म्हणून. कुणाचं लेकरू आत गेलं तर? परका चोर कशाला एवढा विचार करत बसेल? धाकटा भाऊ नांदेडला कॉलेजात गेला आणि नशेच्या गोळ्यांत अडकला, हे आम्हाला ठाऊक होतं. आईची पितळी भांडी गेली, माझी स्कूटी गेली, तरी आम्ही तोंड दाबून होतो. आबा मात्र त्या दिवशी उठले आणि ठाण्यात पोराचं नाव सांगून आले. आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला त्यांचा रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

पुढं कोर्टकचेरी झाली, मग लातूरचं व्यसनमुक्ती केंद्र. रविवारी मी भेटायला जायची. एकदा तोडूनच बोलले, "गोळ्यांनी चोर केलं तुला."

"गोळी खाऊन चोरी न्हाई केली आक्का. मिळाली न्हाई की करायचो. अंग असं तुटायचं, की आपलं-परकं काही दिसायचं न्हाई."

मग त्या बोअरचं तोंड कसं दिसलं रे, हे अगदी जिभेवर आलं होतं. नशा माणसाचं सगळं खाऊन टाकते असं लोक म्हणतात, मीही म्हणायची. आता तेवढ्या खात्रीनं म्हणवत नाही.

तो घरी परतला. शेतात राबायला लागला, पण आबा त्याच्याशी एक शब्द बोलेनात.

यंदा मी सुट्टीत गावी असताना केबल पुन्हा गेली. आम्ही शेतात पोचलो तर चुलते आधीच तिथं उभे. "घ्या, करा अजून लाड! पोरगं पुन्हा गोळ्या खाऊन राहिलंय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मलाही तेच वाटलं. आई रडायला लागली.

भावाचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. नवं झाकणही गेलं होतं आणि बोअर उघडा पडला होता. "उघडंच टाकून गेला चोरटा! लेकरं हिंडत्यात इथं!" असं ओरडत त्यानं धुऱ्यावरचा दगड उचलला आणि तोंडावर ठेवला.

आबा चुलत्यांकडे वळले. "ह्यो न्हाई," म्हणाले. मग खाली बसून त्यांनी दगडाला हात लावला आणि इतक्या महिन्यांनी पोराशी बोलले.

"हालून राहिलाय. नीट बसव."

केबल चोरीला गेली म्हणून त्या दिवशी आमच्या घरात गोड झालं.