लाइनमन वामनराव आणि बिनतारेचा फोन

आमचे हे, वामनराव, आदिलाबादला टेलिफोन खात्यात लाइनमन. अठ्ठावीस वर्षं खांब चढले. बिघाड शोधायची त्यांची रीत एकच: घरातल्या फोनपासून तार धरायची अन् पायी चालत सुटायचं. खांबावर तपासताना कोणाचं बोलणं कानात आलं, की रिसीव्हर लगेच बाजूला. मी खोदून खोदून विचारायची, तर खेकसायचे, "लोकाईच्या घरातलं आपल्याले काय करायचं?"

अशा माणसावर पंच्याण्णव साली व्यंकटरावांनी शिकायत केली! व्यंकटराव म्हणजे आमच्याच गल्लीतले मोठे अधिकारी. त्यांच्या लेकीची, वनमालाची, सोयरीक मोडली. त्यांनी फोनवर फक्त भावाला सांगितलं, अन् संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. लाइनमन तार जोडून चोरून ऐकतो, असं लिहून दिलं त्यांनी. चौकशी लागली. नोकरी जाईल ते जाईल, पण चोरटा म्हणून नाव होईल ना, बाई!

हे दोन दिवस तार धरून फिरले. एक जोड सैल सापडला नाही. "रुख्मिणी, मले काहीच समजून नाही राह्यलं," म्हणाले अन् ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी शामराव मास्तरांच्या आशाबाई चाचरत आल्या. बातमी त्यांनीच पसरवली होती. ऐकली कुठं? तर त्यांच्या नव्या कॉर्डलेस फोनवर! तसाच फोन शेजारी व्यंकटरावांकडं, मधे एक भिंत. "मी त माहेरी लावाले उचलला होता वं," म्हणे.

आमी दोघं आशाबाईंकडं गेलो. ह्यांनी आधी भिंतीतून तारच उपसली. मंग हातातला फोन सुरू केला, तर आत कोणी बोलून राह्यलं! ह्यांनी तो उलटा केला, हलवला, तार लोंबते का पाह्यलं. "तार नाही, मंग हे येऊन कुठून राह्यलं?"

मास्तरांनी फोनसोबतचा कागद वाचला. तार फक्त टेबलावरच्या डब्यापर्यंत. पुढं डबा अन् हातातला फोन रेडिओसारख्या लहरींनी बोलतात, शे-दीडशे पावलांपर्यंत. लहर भिंतीतून जाते. दोन घरचे चॅनेल एकच असले, तर याचं त्याला ऐकू येतं.

"पण मास्तर, लहर धरून चालू कसा मी?" हे म्हणाले. मास्तर हसले. माझ्याही डोक्यात काही शिरत नव्हतं.

तेवढ्यात फोनमधून व्यंकटरावांचा आवाज आला, इतका खणखणीत की मलाही ऐकू गेला. "वामनराव तसा नाही रे, मला ठाऊक आहे. पण तक्रारीत कोणाचं नाव घातल्याशिवाय चौकशी करतं कोण?"

ह्यांनी चटकन फोन बंद केला. मी पेटले. "चला, तोंडावर विचारू त्याले!"

व्यंकटरावांकडं जाऊन ह्यांनी त्यांच्या फोनचा डबा उलटा केला, खालचा खटका सरकवून चॅनेल बदलला, मास्तरांनी वाचलेलं सगळं सांगितलं. व्यंकटराव पांढरेफटक पडले. "तुम्ही काय ऐकलंत?"

"खरखर होती साहेब. शब्द काई लागले नाई."

दुसऱ्या दिवशी शिकायत मागं घेतली गेली. मी मात्र ह्यांच्याशी बोलेना. शेवटी न राहवून विचारलं, "खोटं काऊन बोलले तुमी?"

ह्यांनी पक्कड पिशवीत टाकली.

"ऐकलं म्हणलं असतं, तर त्यानं लिहिलेलं खरं झालं असतं ना वं?"