कोकणी म्हणजे कुठली

आमच्या कंपनीच्या पहिल्या बोलपटात राजकन्या तोंड उघडण्याआधीच बोलली, आणि पुरुषाच्या आवाजात बोलली. तो आवाज माझा होता.

झालं असं की, राजकन्या महालाच्या खांबाला टेकून उभी होती. खांब पुठ्ठ्याचा, आणि त्याच्यामागे मी, हातात संवादाचे कागद घेऊन उकिडवा बसलेलो. वर बांबूच्या टोकाला मायक्रोफोन टांगलेला. त्या यंत्राबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते भयंकर महाग आहे आणि त्याच्याखाली शिंकायचं नाही. मी शिंकलो नाही. मी फक्त हळूच कुजबुजलो, "नाथ, हा वियोग मजला सहन होणार नाही." मागोमाग राजकन्येनं तेच वाक्य म्हटलं, आणि फार गोड म्हटलं. पण मुंबईहून रीळ धुऊन आलं, आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो, तेव्हा तपकिरीत मुरलेल्या माझ्या घोगऱ्या आवाजानं आधी राजपुत्राला आळवलं. राजपुत्र पडद्यावर चांगला विरघळलेला दिसत होता.

आमचा साउंडवाला हनीफ अंधारातून म्हणाला, "मास्तर, तुमचा आवाज एकदम क्लिअर आलाय. बाईंचा जरा लांबून वाटतो."

सगळे हसले. मीही हसलो. एकटे खंडेराव हसले नाहीत. खंडेराव म्हणजे कंपनीचे मालक; नाशकात गंगापूरच्या रस्त्यावर पेरूच्या बागेला लागून आमचा स्टुडिओ होता तो त्यांचा, यंत्र त्यांचं, आणि वाया गेलेलं रीळही त्यांचंच. दिवा लागल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, बाईला वाक्य येत नव्हतं का?"

"तोंडपाठ येत होतं, मालक."

"मग तुम्ही खांबामागं काय करत होतात?"

याचं उत्तर मी काय दिलं ते सांगतो, पण त्याआधी बाई कोण ते सांगायला हवं. नाहीतर मला त्या उत्तराची लाज का वाटते ते कळायचं नाही.

बाईंचं नाव नवसाबाई. पडद्यावरचं नाव हेमलतादेवी. तेही मीच ठेवलेलं. ती कंपनीत आली ती पाण्यातून. मूकपटाचे दिवस होते. नायिकेनं नदीत उडी टाकायची होती आणि आमची त्या वेळची नायिका डोहाकडे पाहूनच रडायला लागली होती. काठावर गवताचे भारे टेकवून दोन बायका गंमत पाहत उभ्या होत्या, एक म्हातारी, एक तरुण. तरुण होती तिनं विचारलं, "नुसती उडी टाकायची ना?" आणि लुगड्याचा काचा घट्ट करून ती उंच दरडीवरून सरळ डोहात गेली. वर आली तेव्हा केस मागे सारून तिनं अशी काही मान वळवली की कॅमेरावाला हँडल फिरवायचं थांबवायला विसरला. पुढच्या चित्रात नायिका तीच होती.

कंपनीतली सगळी लिखापढी माझ्याकडे; करार करताना मी कागद भरत होतो. "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"आम्ही कोकणी."

मी चिपळूणचा. परमुलखात आपल्याकडचं माणूस भेटल्यावर चिपळूणकराला जे होतं ते मला झालं. मी विचारलं, "भातशेती का?" ती म्हणाली, भात आणि नागली. आमच्या नाचणीला देशावर नागली म्हणतात, तेव्हा तेही जुळलं. अभिनय कुठं शिकलात म्हटलं, तर म्हणाली, बाप मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायचा, ते बघत वाढले. मी मनात म्हटलं, दशावतारी. आणि जाहिरातीच्या कागदावर झोकात लिहून टाकलं: 'कोकणच्या एका कुलीन व कलावंत घराण्यातील तारका.' त्या मजकुरावर मी इतका खूश होतो की घरी दोनदा वाचून दाखवला.

आता नाशिकच्या कुठल्याही भाजीवाल्यानं मला सांगितलं असतं की पेठच्या पलीकडे, सुरगाण्याच्या अंगाला, डोंगरात कोकणा, म्हणजेच कोकणी, नावाची जमात राहते, त्यांची भातशेती असते, नागली असते, आणि बोहाड्याच्या उत्सवात ते लाकडी मुखवटे घालून नाचतात. पण मी भाजीवाल्याला विचारलं नाही. मी कोकणस्थ, मला विचारायची गरज काय?

त्या कागदावर हेमलतादेवींची सहा-सात चित्रं चालली. मूकपटात तिला तोड नव्हती. मुखवट्याच्या आतल्या माणसाला चेहरा वापरता येत नाही, राग आणि लोभ मानेनं, खांद्यानं दाखवावा लागतो. ते तिच्या अंगात होतं. इतर नट्या डोळे गरागरा फिरवायच्या तिथं ही नुसती पाठ करून उभी राही आणि पिटातली माणसं गप्प होत. कंपनीतले सगळे तिला 'अहो बाई' म्हणत. खंडेरावसुद्धा तिच्यासमोर पान थुंकायला बाहेर जात.

मग बोलपट आला आणि तिच्या उच्चारांसाठी मालकांनी मला नेमलं. पंचवटीत तिच्या दोन खोल्यांत मी रोज जाऊ लागलो. गवताच्या भाऱ्याजवळची ती म्हातारी तिथं होती. ती तिची आई, बयाबाई. मी ओसरीवर चपला काढत असताना मायलेकी आत बोलत होत्या आणि ते बोलणं चिपळूणचं नव्हतं. दापोलीचं नव्हतं, राजापूरचंही नव्हतं. मी बराच वेळ डोक्यात कोकणपट्टी वर-खाली फिरून आलो.

"बाई, तुम्ही कोकणी म्हणाला होतात."

"कोकणीच आहोत. तुम्ही पुढचं विचारलं नाहीत."

"मग तो जाहिरातीचा कागद..."

"कळलं तेव्हा छापून भिंतींना लागला होता. आता असू द्या, मास्तर. कोणाला सांगू नका."

मी शपथेवर कबूल केलं. आणि शिकवायला बसलो. णचा न होऊ द्यायचा नाही, इझवू नाही विझवू, आयं नाही आई. ती सगळं शिकली. महिना-दीड महिन्यात ती माझ्याहून स्वच्छ बोलू लागली. माझ्या बोलण्यात चिपळूण डोकावायचं, तिच्या बोलण्यात काही डोकावत नव्हतं. पण मला भरवसा येईना. आयत्या वेळी तिची जीभ डोंगरावर चढेल, अशी धास्ती माझ्या मनात बसली होती. तिच्या नव्हे, माझ्या. म्हणून मी खांबामागे.

तर खंडेरावांनी विचारलं, काय करत होतात. मला तिला सांभाळून घ्यायचं होतं, देवाशप्पथ. मी म्हणालो, "मालक, चूक सर्वस्वी माझी. बाई बोलतात उत्तम. फक्त त्या पेठकडच्या, डोंगरातल्या; घरात वेगळी बोली. तेव्हा मला उगाच आपली काळजी..."

खोलीत कोणी हसलं नाही. नवसाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाठ करून बसली होती तशीच बसून राहिली.

खंडेराव मात्र चिडले नाहीत, उलट खुलले. "अरे वा. म्हणजे जंगलची राणी आपल्या घरातच होती की." दोन दिवसांत गोष्ट बदलली. राजकन्येचं काम पुण्याहून आलेल्या कलाबाईंना गेलं, आणि राजपुत्र शिकारीला जातो तिथं त्याला भेटणारी एक रानकन्या गोष्टीत घुसली. ते काम नवसाबाईला. सगळ्यांत आधी बदललं ते 'अहो बाई'. मेकअपवाला म्हणाला, "ए, इकडं तोंड कर." शिपाई म्हणाला, "तुला मालकांनी बोलावलंय." मी त्यांच्यावर मनातून संतापलो, आणि संध्याकाळी तिला म्हणालो, "नवसा, तू वाईट वाटून घेऊ नकोस." वाक्य संपल्यावर माझं मलाच ऐकू आलं. तिलाही आलंच असणार.

रानकन्येची बोली लिहायचं काम माझ्याकडे. मी जन्मात रानात गेलो नव्हतो; पांडवलेण्याच्या पुढे माझी मजल नव्हती. पण लिहायला बसलो की मला सगळं सुचतं. राजपुत्र रानकन्येला घेऊन निघतो, तेव्हा ती आईचा निरोप घेते, तिथं मी लिहिलं: "हुईऽ हुईऽ! मावली, मय जाय! मय जाय!"

मी हे नवसाबाईला म्हणून दाखवलं. हातवाऱ्यांसकट. ज्या बाईला मी शुद्ध मराठी शिकवली तिलाच आता रानात लोक कसे बोलतात ते शिकवत होतो. बयाबाई कोपऱ्यात नागली निवडत होती. तिनं मला शेवटपर्यंत बघितलं आणि लेकीला विचारलं, "ह्यो कोणच्या मुलखाचा बोलतो?"

नवसाबाई हसली. मग गंभीर झाली. "मास्तर, बाकीचं तुम्ही लिहिलंय तसं बोलते. पिसं लावते, पानं गुंडाळते. ही एक ओळ मला माझी बोलू द्या. आईला सोडून निघताना आमच्यात काय म्हणतात ते." आणि तिनं ती म्हटली. "आयं, चूल नको इझवू. मी येन."

मी नाकाला तपकीर लावली, कारण डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण हवं होतं.

"हे चित्र पेठच्या जत्रेत तंबूत लावणार म्हणतात," ती म्हणाली. "आमची माणसं बघतील. त्यांना कळू दे की सोंगाच्या आतमध्ये मी आहे."

"ती ओळ राहील," मी म्हणालो. "मी मालकांशी बोलतो. माझ्यावर सोडा."

शूटिंग डोहाजवळच्या आंब्याखाली होतं. नवसाबाईच्या डोक्यात कोंबड्याची पिसं, अंगाला पळसाची पानं. बयाबाई जरा लांब धुवट लुगड्यात बसली होती. तिथं जमलेल्यांत नीटनेटकी अशी ती एकटीच दिसत होती. मी मालकांशी बोललो नव्हतो. आधी वेळ बरी नव्हती, मग मालकांचं डोकं दुखत होतं, मग मला वाटलं की ओळ एकदा कानावर पडली की तेच विरघळतील.

हनीफनं हात वर केला. नवसाबाईनं निरोपाच्या प्रसंगासाठी आणलेल्या बैलगाडीतून मान वळवली आणि ती ओळ बोलली. मोठ्यानं नाही. शेजारच्या मळ्यातल्या मोटेच्या कुरकुरण्याबद्दल सकाळपासून शिव्या घालणारा हनीफ कानावरची यंत्रं न काढता तसाच उभा राहिला.

"थांबवा," खंडेराव म्हणाले. "हे काय? हे तर मला समजलं."

"समजलं ना, मालक?" मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. दिंडोरीची कुणबीण बोलेल असं. यात जंगल कुठंय? पब्लिक पैसे कशाचे देणार? मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा, हे बरं की तुमचं ते हुई हुई बरं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. नवसाबाईही. एक सांगतो, त्या क्षणी मला नोकरीची भीती नव्हती. निदान फारशी नव्हती. मला एवढंच जाणवलं की मालकांनी चारचौघांत माझ्या लेखनाची तारीफ केली आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "तसं पाहिलं तर... रंगत त्यात जास्त आहे."

नवसाबाईनं डोक्यातलं एक कलंडलेलं पीस सरळ केलं. "घ्या," ती हनीफला म्हणाली. आणि माझी ओळ तिनं पहिल्याच फटक्यात दिली, हुई हुईसकट. एकाही अक्षरात चूक नाही. बयाबाईनं शेजारच्या बाईला विचारलं, "काय म्हणली ती?" शेजारची म्हणाली, "काय की बया."

बोलपट चालला. रानकन्येच्या निरोपाला टाळ्या पडत. एका साप्ताहिकानं छापलं, 'संवादलेखकांचा वन्य बोलीचा अभ्यास थक्क करणारा आहे.' पेठच्या जत्रेतही तंबू लागला. तिथून परत आलेला हनीफ म्हणाला, "मास्तर, बाकी सगळीकडं रडतात. तिकडं ह्या सीनला हसले लोक. मग बायका उठून गेल्या." ते साप्ताहिक मी घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. घरी वाचून दाखवलं नाही.

पुढे नवसाबाईनं कंपनी सोडली. कोणी म्हणे रुसून, कोणी म्हणे आवाजाला मागणी नाही म्हणून. पंचवटीत फुलांच्या माळ्यांकडून झेंडू घेऊन ती हार विकायला बसू लागली होती. मी पलीकडच्या बाजूनं जाऊ लागलो. खूप फेरा पडे, पण मी तब्येतीला चालणं चांगलं असं घरी सांगितलं होतं. अखेर एके दिवशी समोरासमोर आलोच. ती दोऱ्यात फुलं ओवत होती, मानेची ठेवण तीच. बयाबाई शेजारी पाकळ्या निवडत होती.

"नवसा," मी म्हणालो, आणि सावरलो. "नवसाबाई, कशा आहात तुम्ही?"

"बरी आहे. हार देऊ?"

"नको. म्हणजे द्या. ऐका ना, मी तुमच्यासाठी नवी गोष्ट लिहितोय. राणीचं काम आहे. मोठं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मालकांशी मी बोलेन, या वेळी नक्की बोलेन. जाहिरातीतही खरं ते छापू, पेठचं नाव घालून. आणखी काय हवं असेल ते सांगा, मी करतो."

तिनं दोरा दातानं तोडला, गाठ मारली आणि हार पानात बांधून माझ्या हातात दिला.

"मला ती एक ओळ हवी होती, मास्तर."