उकंडराव मुलूख उघडतात

उकंडरावांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे तिसरं पोर जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं आणि सुईणीच्या हातून परत घेतलं. अशा पोराला यम हात लावत नाही म्हणतात. यमानं लावला नाही, आणि शाळेनंही फारसा लावला नाही. चौथीतून सुटलेले उकंडराव अमडापूरला बापाच्या विहिरीवर वांगी-मिरच्या पिकवू लागले आणि त्यातच पंचेचाळिशीला आले. एवढ्यावर कुणी कुणाबद्दल लिहीत नसतं. पण हा माणूस मुलूख उघडायचा.

मुलूख हा त्यांनीच काढलेला खेळ. उन्हाळ्यात वावरातली कामं सरली की दुपारी विहिरीजवळच्या मांडवाखाली तिघं-चौघं जमायचे. उकंडराव डोळे अर्धे मिटून एखादं राज्य उभं करायचे. वेस कोणत्या अंगाला, पहाऱ्यावर कोण, राजा कशावरून रुसलेला, सगळं तपशिलानं. मग एकेकाला विचारायचे, "तुमी काय करता?" तो आपली करणी सांगायचा आणि सात कवड्या टाकायचा. चार उताण्या पडल्या तर करणी साधली, नाही तर उकंडराव त्याला असा गोत्यात आणायचे की दुसऱ्या दिवशी तो जेवण अर्धं टाकून यायचा. बायका या मंडळीला खायला काळ आणि भुईला भार म्हणायच्या. त्यात खोटं काही नव्हतं.

मोतीरामचं भावाशी बांधावरून वैर. त्याला समुद्राखालचं राज्य लागायचं, कारण पाण्यात बांध घालता येत नाही. टपालवाले भगवंतराव दिवसाकाठी पाच गावं पायी करायचे. त्यांना ढगांवरचं गाव आवडे. तिथे पहिल्या दिवशी ते नुसते पडून राहिले, कवड्यांना हातसुद्धा लावला नाही. अर्जुनरावांची पन्नाशी उलटली तरी आईला विचारल्याशिवाय दाढी करायची सोय नव्हती. त्यांना राक्षसांचं राज्य हवं असे, आणि तिथे ते एवढे गरजत की मोटेचे बैल कान टवकारत. ज्याला जे टोचतं ते जिथे नाही तो मुलूख त्याला आवडतो, असं उकंडरावांचं मत होतं. हे मत कधी चुकलं नव्हतं आणि त्याची त्यांना थोडी घमेंडही होती.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. त्या साली होळीच्या आधी जानेफळहून दोन माणसं आली आणि कोकिळेला, उकंडरावांच्या तिथे दिलेल्या एकुलत्या लेकीला, पेटीसकट ओट्यावर सोडून गेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बोलणं काही झालंच नाही. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

कोकिळा रडली नाही. सांगितलं तर भाकऱ्या थापायची, नाही सांगितलं तर भिंतीकडे बघत बसायची. आईनं खोदून विचारलं, मावशीनं समजावून विचारलं, कुणाला उत्तर मिळालं नाही. पोरगी रडली असती तर उकंडरावांना बरं वाटलं असतं. पुढे पुढे त्यांनाही काही वाटेनासं झालं. मिरची तोडताना डोळ्याला हात लागला तरी आग कळायची नाही. लेकीनं एकदा मनातलं बोलावं, मग ते काही असो, एवढीच एक गोष्ट त्यांना हवी होती. आणि ती मिळवायची तर त्यांच्याजवळ एकच विद्या होती.

त्यांनी तिला मांडवाखाली आणून बसवलं. बाईमाणसानं पुरुषांत बसावं का, असा प्रश्न अर्जुनरावांच्या तोंडावर आला होता, तो त्यांनी गिळला. उकंडरावांनी मुलूख उघडले. पुरुष नसलेलं राज्य उघडलं. सासू म्हणून कुणी नसतंच असं बेट उघडलं. बायकांना पंख फुटतात असा डोंगर उघडला. असा डोंगर त्यांनी आयुष्यात रचला नव्हता, मोतीराम तर बांध विसरला. कोकिळेपुढे कवड्या ठेवल्या की ती मानेनंच नको म्हणायची. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी उकंडरावांनी हात टेकले. त्यांनी तिलाच विचारलं, तुला कोणता मुलूख पाहिजे.

"मले जानेफळाचं घर पाह्यजे," कोकिळा म्हणाली.

उकंडरावांनी डोळे अर्धे मिटले. जानेफळ, मारुतीच्या देवळामागची गल्ली, निळं दार, ओसरी, ओसरीवर घोंगडी. इथवर आले आणि थांबले. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत. उकंडरावांनी ती इतकी कडक पाळली की ओसरीच्या पुढे कधी पाऊल टाकलं नाही, आणि त्याबद्दल गावात त्यांची वाहवाही झाली होती. समुद्राखालच्या राज्याच्या गल्ल्या त्यांना पाठ होत्या. लेकीची चूल कोणत्या कोपऱ्यात, ते माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली. कितीतरी दिवसांत वाटलेली ती पहिली गोष्ट.

"थांबा. मी सांगतो," कोकिळा म्हणाली.

ती सांगू लागली. आवाजात चढ नाही, उतार नाही. ओसरीतून आत गेलं की माजघर. डाव्या हाताला चूल. चुलीमागं सरपणाची खोली, तिला खिडकी नाही. खोलीची कडी बाहेरून. कधी दोन दिवस, कधी तीन. भाकर दाराखालून. भगवंतरावांनी मान खाली घातली. मोतीराम हातातली काडी मोडत राहिला.

मग तिनं कवड्या उचलून उकंडरावांच्या हातात दिल्या. आजवर मुलूख उघडणाऱ्यानं कधी कवडी टाकली नव्हती.

"दिवाळी हाये," ती म्हणाली. "तुमी मले न्यायले आले. ओसरीवर बसले. थे म्हणतात, कोकिळा वावरात गेली. आतून कुणी दार ठोकून राह्यलं. तुमाले आयकू येते. तुमी काय करता, बाबा?"

उकंडरावांना गेल्या दिवाळीचा तो आवाज आठवला. वासरू बांधलंय, असं व्याही म्हणाला होता. वासरू असं ठोकत नाही, हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. पण लेकीच्या सासरी आत डोकवायचं नसतं. त्यांनी डोक्याला फेटा बांधला होता आणि रामराम करून एस.टी. गाठली होती. हजार वेळा दुसऱ्याला विचारलेला प्रश्न आता त्यांच्यासमोर होता. कोकिळा वाट पाहत होती.

"मी उठतो," ते शेवटी म्हणाले. "आत जातो. कडी काढतो."

त्यांनी कवड्या टाकल्या. इतक्या जोरानं टाकल्या की दोन मांडवाबाहेर गेल्या. बाकीच्या किती उताण्या पडल्या हे बघायला मंडळी वाकली. कोकिळा वाकली नाही. ती बापाकडेच बघत होती.

"कडी काढाले कवड्या लागत नाहीत, बाबा," ती म्हणाली, आणि रडू लागली.