सात फुटाची काठी

वैनगंगेच्या काठी, चामोर्शीपासून दोनेक कोसांवर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, तीसेक घरं आहेत. त्यांतल्या कुणालाही गरी टाकायला नवी काठी हवी असली की तो आधी नानाजीच्या अंगणात यायचा. बांबू काय, कोणीही तोडतो. पण काठी निवडावी ती नानाजीनं, असं पलीकडच्या काठाचे ढिवरही म्हणत.

आलेल्या माणसाला नानाजी उभ्यानं बोलू द्यायचा नाही. त्याला खाली बसवायचा, पाय समोर लांब करून, जसा तो डोंग्यात बसेल तसा. डोंगा म्हणजे एका खोडात कोरलेली अरुंद नाव. तिच्यात उभं राहणं कमी आणि बसणंच जास्त. उभ्या माणसाची काठी वेगळी, बसल्या माणसाची वेगळी, असं त्याचं म्हणणं. बसलेल्याचे हात, खांदे, पोट सगळं नजरेनं मोजून तो एखाद्या शिंप्यासारखा मान हलवायचा आणि पूस म्हणजे पौष महिन्यात रानात जाऊन नेमका तेवढा बांबू घेऊन यायचा. मग बुंधा स्वतःच्या जबड्याला टेकवून शेंड्यावर नखानं टिचकी मारायला सांगायचा. टिचकी दातांत जाणवली तर काठी चांगली. नाही जाणवली तर ती त्याची बायको कमळा हिच्या वेलांच्या मांडवाला जायची. त्यांच्या दारचा दोडक्याचा मांडव सगळा अशा नापास काठ्यांचा होता.

ढिवरांत आणखी एक रीत होती. काठीच्या बुंध्याला बारीक दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक कमरेच्या करदोड्याला. ज्याची काठी नदीनं नेली त्यानं पाच दिवस डोंगा काढायचा नाही, असा नेम होता. म्हणून काठी माणसालाच बांधायची. नानाजीला ती त्याच्या बापानं बांधली होती आणि नानाजीनं आपल्या मुलाला, आदेशला, तो सात वर्षांचा असताना. गाठही शिकवली होती: दोन वेढे, एक उलटा, मग दातानं ओढायची.

आदेश एकुलता एक. बारावी झाल्यावर पोंभुर्ण्याच्या पवनसोबत तो मालवणकडे गेला. तिथं खाडीकाठी एकजण पर्यटकांना एकेकट्यानं बसायच्या नावांतून मासे धरायला नेत असे. त्या नावेला कयाक म्हणतात, हे नानाजीला फोनवर कळलं. आदेश म्हणाला, आपला डोंगाच आहे बाबा, फक्त प्लास्टिकचा आणि पिवळा. पुण्यामुंबईची माणसं तिच्यात बसली की डुगडुगतात, हा मात्र पहिल्याच दिवशी असा बसला की मालकानं विचारलं, तू कुठल्या समुद्रावरचा? आदेशनं सांगितलं, गडचिरोलीच्या. ही गोष्ट नानाजीनं गावात दहा जणांना तरी सांगितली असेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आदेशचा फोन आला, चित्र दिसणारा. तो दुकानात होता. सुटीच्या दिवशी स्वतः समुद्रात जाता यावं म्हणून त्याला स्वतःची काठी आणि दोर गुंडाळायचं रील घ्यायचं होतं, आणि बाबानं निवडल्याशिवाय घ्यायचं नव्हतं. कमळानं फोन धरला, कारण नानाजीचा अंगठा सारखा भलत्याच ठिकाणी लागायचा.

"हातात घेऊन उभा काऊन हायेस?" नानाजी म्हणाला. "बस खाली."

"बाबा, दुकान हाये हे."

"मग? दुकानाले जमीन नाई का?"

आदेश बसला. मागं कोणीतरी हसलं. नानाजीनं पहिली काठी नापास केली. ती साडेपाच फुटांची, आखूड आणि ताठ. मासा नावेखालून दुसऱ्या बाजूला गेला तर हिचा शेंडा नावेच्या नाकावरून फिरवता येणार नाही, दोर नावेलाच घासून तुटेल. नऊ फुटांचीही नको. ती काठावर उभ्या माणसाची. मासा जवळ आल्यावर बसल्या माणसाचा हात दोरापर्यंत पोहोचायचा नाही. तिसरी सात फुटांची होती, बुंध्याशी भक्कम आणि शेंड्याकडे निमुळती. "जबड्याले लाव," नानाजी म्हणाला. दुकानदारानंच शेंड्यावर टिचकी मारली. आदेश हसत म्हणाला, आली बाबा, दातात आली.

रीलमधलं नानाजीला काही कळत नव्हतं. जन्मभर त्यानं दोर लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळला होता. त्यानं दुकानातली दोन रीलं फोनजवळ फिरवायला लावली आणि डोळे मिटून ऐकली. मोठं चकचकीत होतं ते करकरलं. लहान, काळं जवळजवळ गप्प होतं. त्यानं काळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, काका बरोबर बोलले, हे आतून चांगलं बंद आहे, खारं पाणी लवकर शिरत नाही. तरी दर खेपेनंतर गोड्या पाण्यानं धुवायला हवं. नानाजीला हसूच आलं. पाण्यातल्या वस्तूला परत पाण्यानं धुवायचं?

मग दुकानदारानं एक गुंडाळीची दोरी दाखवली. काठी हिनं नावेला बांधायची, अंगाला कधीच नाही, नाव उलटली तर माणूस दोरीत अडकतो.

"नावेले नोको," नानाजी म्हणाला. "नाव उलटते. कमरेले बांध, आपल्या रीतीनं. काठी माणसासंगं ऱ्हायते."

दुकानदार काहीतरी म्हणत होता, पण तेवढ्यात फोन कटला.

मार्गशीर्षात आदेश गेला. सुटीच्या दिवशी पहाटे एकटाच निघाला होता. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं लाटेनं नाव उलटवली. दोन दिवसांनी तो सापडला. नाव आणि काठी सापडल्या नाहीत. पवन गाडीतून त्याला गावी घेऊन आला, दीड दिवसाचा रस्ता.

आंघोळ घालताना नानाजीनं सगळ्यांत आधी मुलाची कंबर पाहिली. करदोडा नव्हता. दवाखान्यात कापून काढतात, असं कोणीतरी म्हणालं. दोरी बांधलेली होती की नव्हती, हे त्या कमरेवरून कळण्यासारखं नव्हतं. पवन समोरच उभा होता. नानाजीनं त्याला विचारलं नाही. तो हो म्हणाला असता तर उरलेलं आयुष्य कसं काढायचं, हे नानाजीला माहीत नव्हतं.

त्या पूसात तो रानात गेला नाही. गावातला झिंगू काठीसाठी आला तेव्हा नानाजी म्हणाला, आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. झिंगूनं त्याला सुईत दोरा ओवून जाळं विणताना तिथंच पाहिलं होतं. पण तो थोडा वेळ बसून निघून गेला. मग कोलू आला, मग दुर्गाचा नवरा. सगळे तसेच गेले. नानाजी नदीवर जायचा, पण फक्त जाळं घेऊन. आपल्या काठीची दोरी त्यानं सोडून ठेवली होती. घरात कमळाशी तो भाताबद्दल, बकरीबद्दल बोलायचा. फोनवरचं ते वाक्य तिनंही ऐकलं होतं, फोन तिच्याच हातात होता. ती आपल्याला कधी विचारेल याची तो रोज जेवताना वाट पाहायचा. ती विचारायची नाही. त्याला वाटायचं, ही दया करून राहिली आहे.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा पवन आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. त्यानं सांगितलं, बारा दिवसांनी नाव दूर खारफुटीत अडकलेली मिळाली. काठी तिच्यासोबतच होती. मालकाकडे पडली होती. सुटी मिळाली म्हणून तो घेऊन आला.

गोणपाट कमळानं सोडलं. नानाजी भिंतीला टेकून उभा राहिला.

"कुठी होती?" त्यानं विचारलं.

"नावेले बांधून होती, काका. बसाच्या जागेजवळ कडी असते, तिले. मले कडीच कापावी लागली."

बुंध्याला वीतभर दोरी लोंबत होती. तिच्या दुसऱ्या टोकाशी ती कापलेली कडी होती आणि कडीला गाठ: दोन वेढे, एक उलटा, दातानं ओढलेली.

नानाजी खाली बसला. पाय आपोआप समोर लांब झाले. त्या गाठीकडे पाहत तो जे चार महिने बोलला नव्हता ते बोलला.

"मी त्याले कमरेले बांध म्हटलो होतो. मले वाटे, माह्या बोलण्यानं गेला."

कमळा गोणपाटाची घडी घालत होती. तिचे हात थांबले.

"दुसऱ्या दिवशी मी फोन लावला होता त्याले," ती म्हणाली. "म्हटलं, बाबाचं आयकू नोको, दुकानवाला सांगते तसं कर. नदीवाल्याले समुद्र काय मालूम. तुमाले राग येईन म्हणून बोलली नाई." मग ती म्हणाली, "तुमी हे इतके दिवस मनात धरून होते?"

त्यानं मान हलवली.

"आन् मले वाटे, मी तुमच्या रीतीच्या आड गेली. कमरेले असती त काठीसंगं राह्यला असता, असं तुमी मनात म्हणत असान."

पवन उठून बाहेर बकरीपाशी जाऊन उभा राहिला.

पोरानं बापाचं ऐकलं नव्हतं, आईचं ऐकलं होतं, आणि तरीही तो नव्हता. चार महिने नानाजीला वाटत होतं की हे एक कळलं की बाकी सगळं सोसता येईल. आता ते कळलं होतं, आणि बाकी सगळं तसंच समोर होतं, आडोसा गेल्यासारखं.

पवन जेवून गेल्यावर नानाजीनं रील फिरवून पाहिलं. ते वाळू भरल्यासारखं खरखरलं. सांध्यांत पांढरी पूड बसली होती. त्यानं बोटावर घेऊन ती जिभेला लावली. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता.

कमळानं रांजणातून गडवा भरून आणला. तिनं धार धरली आणि त्यानं रील फिरवत ठेवलं, सावकाश, सगळीकडून पाणी जावं म्हणून. गाठीवर पाणी जाऊ नये म्हणून तेवढी मुठीत धरली. दुसरा गडवा संपला तेव्हा खरखर थोडी कमी झाली होती. तिनं विचारलं, अजून आणू का? तो हो म्हणाला.

तिसऱ्या खेपेनंतर त्यानं काठीचा बुंधा जबड्याला टेकवला. कमळा कधी कुणाच्या काठीला हात लावत नसे. बायकांनी लावू नये, असं सासू म्हणायची. पण तिनं ओला हात पदराला पुसला, सात फूट पलीकडे जाऊन उभी राहिली आणि शेंड्यावर नखानं टिचकी मारली.